न पाहता दिलेली दाद

मागच्या महिन्यात मी जलरंगात एक साधे चित्र पूर्ण केले. खिडकीत ठेवलेला काचेचा पेला, त्यात निम्म्यापर्यंत पाणी आणि पाण्यात उभा ठेवलेला एक चमचा, एवढाच विषय होता. पण काच, पाणी आणि धातू शेजारी शेजारी चमकू लागले की प्रत्येकाची चमक वेगळी दाखवावी लागते, आणि जलरंगात पांढरा म्हणजे कागदाचा स्वतःचा पांढरेपणा असल्यामुळे जिथे चमक हवी ती तिळाएवढी जागा पहिल्यापासून कोरडी राखावी लागते. एकदा ती रंगाखाली गेली की पहिल्यासारखी होत नाही. माझे तीन कागद याच कारणाने वाया गेले. चौथ्या वेळी चमक राखली गेली, पण पार्श्वभूमीवरचा रंगाचा पहिला हात अर्धवट वाळलेला असताना मी घाईने भरलेला ब्रश टेकवला; नव्या पाण्याने आधीचा रंग बाहेर ढकलला आणि पेल्याच्या डाव्या अंगाला फुलकोबीच्या कडेसारखी वेडीवाकडी किनार उमटली. पाचवा कागद जमला. ज्या ऑनलाइन समूहात मी आठ वर्षे आहे, तिथे मी तो ठेवला, आणि पाच मिनिटांच्या आत पहिला अभिप्राय आला : ‘तुमच्याकडे भरपूर वेळ असतो वाटतं!’

लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते, हे मी मान्य करते. कदाचित त्याला कौतुकच करायचे असेल आणि चटकन सुचले ते त्याने लिहून टाकले असेल. तरीही त्या एका वाक्याने माझी संध्याकाळ नासली, आणि ती का नासली याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. वेळ कोणाकडे पडून नसतो, तो काढावा लागतो. मी तो पहाटे काढते, घर जागे होण्याच्या आधी, आणि त्यासाठी आदल्या रात्री लवकर झोपण्याचा नेम कितीही कामे अंगावर असली तरी पाळते. ‘वेळ असतो’ या दोन शब्दांत ही सगळी ओढाताण पुसली जाते आणि मागे उरते एक रिकामटेकडे माणूस, ज्याला दुसरे काही करायला नाही म्हणून ते पेल्यात चमचा ठेवून बसले आहे.

याच वाक्याचे एक अधिक गोड भावंड आहे. ‘तुम्हाला देवाची देणगी आहे,’ असे लोक लिहितात, आणि त्याच्या पाठोपाठ बहुधा ‘मला तर साधी सरळ रेषसुद्धा मारता येत नाही’ हेही येते. हाताने सरळ रेष मारणे हे चित्रकलेचे गमकच नव्हे. त्यासाठी पट्टी असते. चित्र काढायला लागते ती पाहण्याची सवय, आणि ती सवय कोणाला जन्मतः मिळालेली मी तरी पाहिलेली नाही. माझ्या कपाटात पहिल्या तीन वर्षांच्या वह्या आहेत. त्यांतल्या एका वहीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत केवळ माझा स्वतःचा डावा हात आहे, कारण तो कधीही आणि कुठेही समोर ठेवता येत असे. त्यांतले बहुतेक हात चुकलेले आहेत : अंगठा फार वर उगवलेला, करंगळी मधल्या बोटाएवढी लांब, मनगट नळीसारखे गोल. ‘देणगी’ हा शब्द त्या वहीवर पाणी फिरवतो. पण मला त्याहून अधिक खटकते ते हे, की तो शब्द उच्चारणारा माणूस त्याच क्षणी स्वतःसाठीही दार लावून घेत असतो. ज्याला हे काम दैवी वाटते, तो पेन्सिल हातात धरूनच पाहत नाही, आणि आपण ती धरली नाही याचे कारण म्हणून माझ्या चित्राकडे बोट दाखवतो.

कामाचे मोल वेळेच्या मापाने काढण्याचा हा वाद जुना आहे. जॉन रस्किन या इंग्रज समीक्षकाने १८७७ मध्ये जेम्स व्हिसलर या चित्रकारावर असा ठपका ठेवला होता, की हा गृहस्थ रंगाचे भांडे लोकांच्या तोंडावर फेकतो आणि त्याचे दोनशे गिनी, म्हणजे दोनशे पौंडांहून थोडे अधिक, मागतो. व्हिसलरने अब्रुनुकसानीचा दावा लावला. नोव्हेंबर १८७८ मध्ये लंडनला सुनावणी झाली, तेव्हा विरुद्ध बाजूच्या वकिलाने त्याला विचारले, की दोन दिवसांच्या श्रमाचे तुम्ही दोनशे गिनी मागता काय. आयुष्यभराच्या कामातून कमावलेल्या ज्ञानाचे मागतो, अशा आशयाचे उत्तर व्हिसलरने दिले. दावा तो जिंकला, पण भरपाई म्हणून त्याला मिळाला एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा भाग. आणि डोक्यावरच्या कर्जात खटल्याच्या खर्चाची भर पडून पुढच्याच वर्षी त्याचे दिवाळे निघाले. ‘किती वेळ लागला?’ हा प्रश्न मला आजही नेहमी विचारला जातो. शिकणारा विचारतो तेव्हा मी तास मोजून सांगते, कारण त्याला स्वतःच्या कामाचा अंदाज बांधायचा असतो. ज्याला त्या तासांवरून चित्राची किंमत पाडायची असते, त्याला काय सांगावे हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आमच्या समूहाची देखरेख दोन वर्षे माझ्याकडे होती. त्या काळात चित्रे, छायाचित्रे, विणकाम, कथा, कविता अशा सगळ्या प्रकारच्या कामाखाली येणारे अभिप्राय मला रोज वाचावे लागत, कारण शिवीगाळ आणि जाहिराती काढून टाकणे हे माझे काम होते. ते काम सोपे होते. शिवी ही शिवी असते आणि तिच्याविषयी दुमत होत नाही. अवघड होते ते बाकीचे अभिप्राय, ज्यांत नियमात न बसणारे काहीच नसे आणि तरीही ज्यांमुळे चांगली माणसे हळूहळू काम दाखवायची थांबत. मी तेव्हा स्वतःसाठी एक कसोटी ठरवली होती. अभिप्राय वाचताना वरचे चित्र तळहाताने झाकायचे. चित्र झाकल्यावरही तो अभिप्राय जसाच्या तसा दुसऱ्या कोणत्याही चित्राखाली शोभत असेल, तर लिहिणाऱ्याने चित्र पाहिलेले नाही असे धरायचे.

मात्र ही कसोटी पुरेशी नाही, हे मला लवकरच कळले. ‘छान’, ‘सुंदर’, ‘वा!’ हे शब्दही कुठेही शोभतात आणि त्यांचा मला कधीच राग आलेला नाही. वाटेत ओळखीचे कोणी दिसले की आपण मान हलवतो, तसे ते आहे. त्यात फार काही नसले तरी आपण दिसलो एवढे तरी कळते. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या २००९ पासून चालू असलेल्या चाहता-लेखनाच्या, म्हणजे आवडत्या कथांवर आणि पात्रांवर चाहत्यांनी केलेल्या लेखनाच्या, संकेतस्थळावर तर ‘कुडोस’ म्हणजे ‘शाबास’ नावाचे बटणच आहे. वाचकाने ते दाबले की आवडल्याची नोंद होते, आणि एका लेखनाला एका वाचकाला ते एकदाच दाबता येते. मला ती सोय फार समंजस वाटते. ज्याच्याजवळ शब्द नाहीत त्याच्यावर शब्दांची सक्ती नको. त्रास होतो तो शब्द नसताना काहीतरी बोलायचेच म्हणून बोललेल्या वाक्यांचा, कारण अशी वाक्ये जाता जाता कामातले काहीतरी काढून घेतात : कधी श्रम, कधी कर्तेपण, कधी खरेपणा.

कर्तेपण कसे काढून घेतले जाते, ते छायाचित्रकारांना विचारावे. माझी एक मैत्रीण पक्ष्यांची छायाचित्रे काढते. राखी बगळ्याने मासा चोचीत उडवून गिळतानाचा एक क्षण तिला हवा होता आणि त्यासाठी ती सलग अकरा दिवस पहाटे एकाच तळ्याच्या काठी, एकाच दगडाआड बसली होती. बगळा कोणत्या बाजूला उभा राहतो, ऊन त्या बाजूला किती वाजता येते, वारा असला की पाणी हलून प्रतिबिंब कसे मोडते, हे सगळे तिने त्या दिवसांत टिपून ठेवले. बाराव्या दिवशी तिला तो क्षण मिळाला. तिने छायाचित्र ठेवले आणि खाली पहिले वाक्य आले : ‘कोणता कॅमेरा आहे? भारी फोटो काढतो.’ या वाक्याचे व्याकरण पाहा. ‘काढतो’ या क्रियापदाचा कर्ता कॅमेरा आहे. अकरा पहाटा बसून राहिलेली बाई त्या वाक्यात कुठेही नाही. ज्याला त्या जातीचे छायाचित्र काढायला शिकायचे आहे त्याने भिंग कोणते, शटरचा वेग किती, तिपाई वापरली का, असे जरूर विचारावे. ती आनंदाने आणि सविस्तर सांगते. तिला बोचले ते ‘काढतो’.

काही अभिप्रायांवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. ‘मला असंच एक काढून द्या ना, मी तुमचं नाव सगळीकडे टाकीन,’ हे त्यांतलेच एक. नाव सगळीकडे झाल्याने रंग विकत मिळत नाहीत, एवढे उत्तर पुरे आहे. ‘मी तुम्हाला फॉलो केलंय, तुम्हीही करा,’ यात तर कामाचा उल्लेखसुद्धा नसतो. क्रमशः कथा लिहिणाऱ्यांच्या वाट्याला येणाऱ्या ‘पुढचा भाग कधी?’ या प्रश्नाविषयी मात्र दोन शब्द लिहायला हवेत, कारण तो विचारणाऱ्याला ती दादच वाटते. आठवडाभर रात्री जागून लिहिलेले प्रकरण कोणी वाचले, आणि ते वाचून झाल्यावर त्याच्याविषयी त्याच्याजवळ बोलायला काहीच नव्हते, एवढे मात्र लेखकाला त्या प्रश्नातून कळते. मागच्या भागातली एखादी ओळ, एखादे पात्र, एखादा प्रसंग आवडला की नाही ते आधी लिहावे आणि मग पुढचे विचारावे. प्रश्न तोच राहतो, पण त्याचा तगादा होत नाही.

कवींचे दुखणे निराळे आहे. आमच्या समूहातल्या एका कवयित्रीने म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून एक कविता लिहिली होती. राहते घर विकून निघालेला तो माणूस शेवटच्या वेळी भिंतीवरच्या खिळ्यांना हात लावून पाहतो, कारण खिळे मागे ठेवायचे आहेत आणि तसबिरी न्यायच्या आहेत. कवयित्री तिशीतली आहे आणि तिने कधी घर विकलेले नाही. खाली अभिप्राय आले ते असे : ‘सगळं ठीक आहे ना?’, ‘काही मदत लागली तर सांगा’, ‘काळजी घ्या, दिवस बदलतात’. काळजी खरी होती आणि काळजीला वाईट कोण म्हणेल? पण तेवीस जणांपैकी एकानेही त्या खिळ्यांविषयी लिहिले नाही. कवितेतला ‘मी’ आणि कविता लिहिणारी व्यक्ती या दोघांना एकच समजल्यामुळे तिने जे रचले होते, ते सगळ्यांनी तिची कबुली म्हणून वाचले, आणि रचणारीचे कसब कोणाच्या ध्यानात आले नाही. त्यानंतर ती बरेच दिवस केवळ निसर्गावर लिहीत राहिली, कारण पाऊस आणि झाडे यांच्याखाली कोणी तब्येतीची चौकशी करत नाही.

आता न मागता केलेल्या दुरुस्त्यांविषयी. हा प्रकार मी सर्वांत अधिक पाहिला आहे आणि याविषयी माझे मत अनेकदा बदलले आहे. २००६ मध्ये फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर ‘डिलीट मी’ नावाचा एक गट होता. सदस्यांनी आपले छायाचित्र तिथे ठेवायचे आणि इतरांनी ते राहावे की काढून टाकावे यावर मत द्यायचे, असा त्याचा नियम होता. एका सदस्याने तिथे एक कृष्णधवल छायाचित्र ठेवले : वरून दिसणारा गोल जिना, त्याच्या कठड्याचे वळण आणि खाली रस्त्यावरून वेगाने निसटणारा एक सायकलस्वार. ते छायाचित्र आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने १९३२ मध्ये फ्रान्समधल्या इएर या गावी काढलेले होते आणि छायाचित्रणाच्या इतिहासात त्याचे स्थान पक्के झालेले होते. गटातल्या लोकांना ते माहीत नव्हते. सायकलस्वार धूसर आहे, दाणेदारपणा फार आहे, काढून टाका, अशी मते त्यांनी दिली.

ही हकीकत बहुतेक वेळा त्या लोकांना हसण्यासाठी सांगितली जाते. मला त्यांना हसावेसे वाटत नाही. एखाद्याला थोर छायाचित्र आवडू नये यात काही गुन्हा नाही, आणि नाव पाहून माना डोलावण्यापेक्षा नाव न पाहता नापसंत करणे अधिक प्रामाणिक आहे. मला खटकते ते दुसरेच. सायकलस्वार धूसर आहे हे त्यांनी पाहिले. पण जिना आणि कठडा स्पष्ट आहेत आणि सायकलस्वार तेवढा धूसर आहे, म्हणजे कॅमेरा स्थिर होता आणि हलत होता तो माणूस, हे पाहायला ते थांबले नाहीत. जिन्याचे वळण आणि रस्त्याचे वळण एकमेकांत मिसळतात आणि नजर घरंगळत खाली त्या सायकलवर जाऊन पोचते, ती तिथे पोचेपर्यंत सायकल निघून चाललेली असते. हा सगळा परिणाम त्या धूसरपणावर उभा आहे. धूसर म्हणजे चूक हा नियम त्यांच्याजवळ तयार होता आणि तो नियम लावण्यासाठी छायाचित्राकडे एकदा नजर टाकणे पुरेसे होते.

न मागितलेल्या बहुतेक दुरुस्त्या अशाच तयार नियमांतून येतात. ‘सावली गडद करा.’ ‘डोळे थोडे मोठे हवेत.’ ‘विशेषणे कमी करा.’ ‘मध्यभागी ठेवू नका, तिसऱ्या भागावर ठेवा.’ यांतला प्रत्येक सल्ला कुठे ना कुठे बरोबर आहे, पण इथे बरोबर आहे का, हे पाहण्याचे कष्ट सल्ला देणाऱ्याने घेतलेले नसतात. दुसरीकडे, ‘आधी स्वतः काढून दाखवा, मग बोला’ हे चित्रकारांचे नेहमीचे प्रत्युत्तरही मला पटत नाही. ज्याला स्वतःला काढता येत नाही, त्यालाही चित्रात काय बिनसले आहे ते अचूक दिसू शकते. मला मिळालेल्या उत्तम सूचनांपैकी काही अशाच माणसांकडून आल्या आहेत. प्रश्न अधिकाराचा नाही. ज्याने काम पुढे ठेवले त्याला या क्षणी काय हवे आहे, हे विचारण्याचा आहे. कोणी पहिल्यांदाच काम दाखवण्याचे धाडस करत असतो, कोणी भेट म्हणून देऊन टाकलेले काम दाखवत असतो ज्यात आता काही बदलता येणार नाही, आणि कोणाला खरोखर दोष जाणून घ्यायचे असतात. तिघांच्या कामातला दोष एकच असला तरी तिघांना तो एकाच पद्धतीने सांगता येत नाही.

सर्वांत वाईट अभिप्राय कोणता, असे मला विचारले तर गेल्या काही वर्षांत माझे उत्तर ठरून गेले आहे : ‘हे एआय आहे का?’ २०२२ च्या जुलैत मिडजर्नी आणि ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन हे चित्रे बनवणारे एआय सर्वांसाठी खुले झाले. शब्द लिहिले की चित्र मिळते, हे लोकांच्या हाती आले आणि त्याबरोबर प्रत्येक चित्राकडे संशयाने पाहण्याची सवयही आली. डिसेंबर २०२२ मध्ये रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या कलेच्या एका प्रचंड मोठ्या समूहातून एका चित्रकाराला याच संशयावरून काढून टाकण्यात आले. त्याने काम करतानाच्या मूळ फायली दाखवण्याची तयारी दर्शवली, तरी देखरेख करणाऱ्यांचे समाधान झाले नाही. चित्र तसे दिसते, एवढे त्यांना पुरेसे होते. ती बातमी वाचताना मी त्या चित्रकाराच्या बाजूने चिडले होते. आणि त्यानंतर काही महिन्यांतच मी स्वतः तेच केले.

आमच्या समूहात एका नव्या मुलाने पेन्सिलने काढलेले एका वृद्ध बाईचे चित्र ठेवले. चेहरा विलक्षण होता. पापण्यांवरचा सैलपणा, ओठांभोवतीच्या बारीक उभ्या रेषा, कानामागची सावली, सगळे नेमके उतरले होते. हात मात्र चुकले होते. मांडीवर एकमेकांत गुंतवलेल्या बोटांपैकी एक बोट कोणत्या हाताचे ते कळत नव्हते. त्या दिवसांत यंत्रांची चित्रे बोटांवरून ओळखावीत असे सगळे सांगत असत. कोणीतरी लिहिले, ‘बोटे मोजा.’ दुसऱ्याने तिसऱ्याने तेच पुढे ओढले. देखरेख माझ्याकडे होती, म्हणून मी त्या चित्राखाली, सर्वांना दिसेल असे, अगदी सभ्य भाषेत लिहिले, की गैरसमज दूर व्हावा म्हणून कामाच्या टप्प्यांची छायाचित्रे टाकता येतील का.

त्याने अर्ध्या तासात अकरा छायाचित्रे टाकली. ती घाईघाईने, रात्रीच्या दिव्यात, फोनने काढलेली होती. पहिल्या पानावर चेहऱ्याचा नुसता आकार, पुढे डोळे, पुढे केस. आणि शेवटच्या तीन छायाचित्रांत वहीची तीन पाने होती, त्यांवर केवळ हात होते : गुंतवलेले, सुटे, पुन्हा गुंतवलेले, खोडलेले, इतक्या वेळा खोडलेले की एका जागी कागद फाटला होता. मी ती पाने ओळखली. तशीच एक वही माझ्या कपाटात होती. मी त्याची माफी मागितली, इतरांनीही मागितली, त्याने ‘हरकत नाही’ असे उत्तर दिले, आणि त्यानंतर त्याने आमच्या समूहात एकही चित्र ठेवले नाही. मी नंतर दोनदा त्याला खासगी संदेश पाठवला. तो वाचला गेल्याची खूण दिसते. उत्तर आलेले नाही.

मी त्या वर्षाअखेरीला देखरेखीचे काम सोडले. त्याआधी आम्ही नियमात एवढा बदल केला, की संशय असेल तर तो खासगीत देखरेख करणाऱ्यांना कळवावा, चित्राखाली लिहू नये. यंत्राने बनवलेले चित्र कोणी हाताचे म्हणून खपवत असेल तर त्याचा शोध घेतलाच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तशी दोन प्रकरणे आम्ही बाहेरही काढली. पण तो शोध सर्वांसमोर एका ओळीच्या प्रश्नाने घेतला की निर्दोष माणसाची सुटका झाली तरी त्याच्या चित्राखाली तो प्रश्न कायमचा राहतो. ज्याने हाताने काढले आहे, त्याला या प्रश्नाने काय होते हे समजायला ती वही पाहिलेली असावी लागते. मी ती पाहिली होती, माझी स्वतःची होती, आणि तरीही मी विचारले.

पेल्याच्या चित्राकडे परत येते, कारण त्याखाली आलेल्या एकसष्ट अभिप्रायांपैकी एकाविषयी अजून सांगायचे आहे. तो तिसऱ्या दिवशी आला. लिहिणारी व्यक्ती माझ्या ओळखीची नाही आणि तिच्या नावावर एकही चित्र दिसत नाही. तिने एवढेच लिहिले होते : ‘चमच्याविषयी एक शंका आहे. लिहू का?’ आठ वर्षांत मला असे कोणी विचारल्याचे आठवत नाही. मी ‘अवश्य लिहा’ असे कळवले. तासाभराने उत्तर आले, की चमचा पेल्याच्या बरोबर मधोमध उभा आहे आणि पाहणाऱ्याची नजर पाण्याच्या पातळीला आहे, मग पाण्याखालचा दांडा इतका बाजूला सरकलेला का दिसतो? गोल पेल्यात मधोमध असलेली वस्तू पाण्याखाली जाड दिसते, पण जागेवरून हलत नाही. ती सरकून तुटल्यासारखी दिसते ती कडेकडे असली तर.

मी तोच पेला घेतला, तेवढेच पाणी ओतले, चमचा मधोमध धरला आणि डोळे पाण्याच्या पातळीला आणले. दांडा पाण्यात शिरताना जाड झाला आणि सरळ खाली गेला. मग मी तो हळूहळू कडेकडे नेऊ लागले, तसा पाण्याखालचा भाग वरच्या भागापासून सुटत काचेच्या बाजूला सरकत गेला. मी पुन्हा मधोमध आणला, पुन्हा सरळ. पाच कागद रंगवताना माझे सगळे लक्ष त्या तिळाएवढ्या पांढऱ्या जागांवर होते, आणि दांडा मी समोर पाहून काढलाच नव्हता. पाण्यातला चमचा तुटलेला दिसतो हे लहानपणापासून ठाऊक होते, ते काढले होते.

मी तिला तसे लिहून कळवले आणि आभार मानले. तिने विचारले, की पेल्याच्या उजवीकडची चमक मुद्दाम दोन तुकड्यांत सोडली आहे का, कारण ती तिला सर्वांत आवडली. मुद्दामच सोडली होती. खिडकीच्या गजाने ती मधोमध कापली जात होती. त्यावर आमचे बराच वेळ बोलणे झाले. आज रात्री मी सहावा कागद भिजवून फळीवर ताणून ठेवला आहे. पहाटेपर्यंत तो वाळेल. पेला खिडकीतच आहे, आणि चमचा मी या वेळी मधोमध न ठेवता काचेच्या कडेला टेकवला आहे.